दुसऱ्या रात्रीचं तिकीट

टेक्सासला जाऊन आलेल्या माणसाला आपल्याकडे दोनच प्रश्न विचारतात. एक, तिथे खरंच सगळे काउबॉय हॅट घालून फिरतात का? आणि दोन, ह्यूस्टनचं नासा बघितलंस का? मी चार महिने डॅलसला ऑनसाइट होते आणि नासा बघितलं नाही. मी सॅन अँटोनिओला गेले. तेही एका वीस वर्षांच्या, सात फूट चार इंच उंचीच्या फ्रेंच मुलाचा खेळ बघायला. तो मुलगा मला दिसला, अगदी व्यवस्थित दिसला. फक्त बेंचवर बसलेला!

जानेवारी 2024 मधली गोष्ट. मार्टिन ल्यूथर किंग डेचा सोमवार जोडून आलेला लाँग वीकेंड. अमेरिकेतल्या ऑफिसात लाँग वीकेंड म्हणजे जवळजवळ दिवाळीच, गुरुवारपासूनच लोक मनाने पळालेले असतात. मी शुक्रवारी रात्री बसने ऑस्टिन गाठलं. तिथे माझी मावसबहीण राहते. ताई, भावोजी आणि दहा वर्षांचे आमचे भाचेबुवा. भाचेबुवांनी दार उघडलं तेच मुळी एक नंबरची काळी-चंदेरी जर्सी घालून. व्हिक्टर वेम्बन्यामाची. 'ती घालूनच झोपतो तो, धुवायला मिळत नाही,' ताई म्हणाली. शनिवारच्या सॅन अँटोनिओ स्पर्सच्या मॅचची चार तिकिटं ही त्याची ख्रिसमसची भेट होती. तीन आठवडे पोरगं दिवस मोजत होतं.

ऑस्टिन ते सॅन अँटोनिओ जेमतेम 130 किलोमीटर. इंटरस्टेट 35 धरायचा आणि ट्रकांच्या मधून वाट काढत सरळ दक्षिणेला जायचं. वाटेत ब्रेकफास्ट टाको हवाच. मैद्याच्या मऊ पोळीत घोटलेल्या बीन्स आणि वितळलेलं चीज असा बीन-अँड-चीज टाको कुठल्याही टपरीवजा दुकानात मिळतो. वर हिरवी तिखट साल्सा. मी तीन खाल्ले. ताई म्हणाली, दोनच खाल्लेस असं सांगू या घरी.

सॅन अँटोनिओ हे अमेरिकेतलं मला आवडलेलं पहिलं शहर. डॅलसमध्ये पायी चालणारा माणूस दिसला की लोकांना वाटतं याची गाडी बंद पडली असावी. इथे माणसं चालतात. निम्म्याहून जास्त वस्ती मेक्सिकन वळणाची, त्यामुळे रस्त्यावर आवाज असतो, वास असतो, आजीआजोबांसकट फिरायला निघालेली अख्खी कुटुंबं असतात. भर वस्तीत अलामो आहे. 1836 मध्ये मेक्सिकन सैन्याने याला तेरा दिवस वेढा घातला आणि आतले जवळजवळ सगळे लढवय्ये मारले गेले. टेक्सासच्या माणसाला इथे भरून येतं. आपल्याला गडकिल्ल्यांची सवय, त्यामुळे पहिल्यांदा बघताना 'एवढंच?' असं होतं. तोंडातून मात्र ते काढायचं नाही!

खरी मजा रिव्हर वॉकला. जिना उतरून रस्त्याच्या एक मजला खाली गेलं की अचानक नदी लागते. अरुंद, हिरवट, दोन्ही काठांना दगडी पायवाट, सायप्रसची उंच झाडं, पूल आणि रंगीत छत्र्यांखाली जेवणारी माणसं. 1921 मध्ये या नदीला मोठा पूर आला, माणसं दगावली, तेव्हा मधलं वळण बुजवून त्याचं गटार करायचा विचार पुढे आला होता. गावातल्या बायकांनी विरोध केला, रॉबर्ट हगमन नावाच्या आर्किटेक्टने 1929 मध्ये आराखडा मांडला आणि 1941 पर्यंत हा काठ उभा राहिला. पुण्याच्या माणसाने हे वाचून मुठेबद्दल काही बोलायचं नाही असं मी मनाशी ठरवलं होतं. बोललेच.

स्पर्सने एनबीएचं विजेतेपद पाचदा जिंकलं. 1999, 2003, 2005, 2007 आणि 2014. विजयाची मिरवणूक इथे रस्त्यावरून नाही, नदीतून निघते. सपाट होड्यांत खेळाडू, आणि दोन्ही काठांवर अख्खं गाव. भाचेबुवा हे सगळं मला रनिंग कॉमेंटरीसारखं सांगत होते, अमेरिकन हेल काढलेल्या मराठीत. आम्ही बोटीच्या रांगेत उभे असतानाच भावोजींनी गुपचूप मोबाइल माझ्यासमोर धरला.

वेम्बन्यामा आज खेळणार नव्हता.

दुखापत? नाही. मॅच दुसऱ्या रात्रीची होती, एवढंच. स्पर्स शुक्रवारीही खेळले होते आणि तोही खेळला होता. लागोपाठच्या दोन रात्री मॅच असली की त्याला बॅक-टू-बॅक म्हणतात. आणि त्या दिवसांत टीमने ठरवलं होतं, लागोपाठ दोन रात्री या पोराला खेळवायचं नाही. डिसेंबरमध्ये डॅलसला वॉर्म-अप करताना एका बॉल बॉयच्या पायावर पाय पडून त्याचा घोटा मुरगळला होता. त्यानंतर त्याच्या मिनिटांवर रेशन लागलं. मॅच 48 मिनिटांची, पण हा त्यातली जेमतेम निम्मी खेळायचा. आमच्या मॅचच्या आदल्याच बुधवारी डेट्रॉइटला त्याने 16 पॉइंट, 12 रिबाउंड आणि 10 असिस्ट अशी ट्रिपल डबल केली, तीही फक्त 21 मिनिटांत! असा खेळाडू, आणि त्याला सांगायचं, बास, आता बस.

'त्याला सांगायचं नाही,' ताईने डोळ्यांनीच बजावलं. झालं! पुढचे सहा तास आम्ही तिघं मोठी माणसं खोटं हसत हिंडलो. बोट झाली, मार्केट स्क्वेअर झालं, कागदी पताकांखाली उभं राहून फोटो झाले. पोरगं दर अर्ध्या तासाने विचारत होतं, अजून किती वेळ? खरं सांगू, मला सणकून राग आला होता. स्टारच्या नावावर तिकिटं विकायची, पोस्टरवर त्याचा चेहरा छापायचा आणि आयत्या वेळी त्याला बाकावर बसवायचं. आपल्याकडे शाहरुखचा शो म्हणून बोलावून बदली कलाकार उभा केला तर थिएटर शिल्लक राहील का?

पण ज्या गावात आम्ही हिंडत होतो, त्या गावाने हे सगळं फार आधी बघितलेलं आहे. लोड मॅनेजमेंट हा शब्द चलनात यायच्या कितीतरी आधी इथल्या ग्रेग पोपोविचने हा प्रकार सुरू केला होता. हा माणूस 1996 पासून स्पर्सचा कोच. त्याचा लाडका टिम डंकन पस्तिशीला आला तेव्हा पोपोविच त्याला खुशाल घरी बसवायचा. मार्च 2012 मधल्या एका मॅचच्या अधिकृत स्कोअरशीटवर डंकन का खेळला नाही याचं कारण चक्क 'म्हातारा' असं छापलं होतं! त्याच वर्षी नोव्हेंबरात मायामीला मॅच होती, सगळ्या देशात टीव्हीवर दाखवायची. स्पर्सची ती पाच रात्रींतली चौथी मॅच. पोपोविचने डंकन, पार्कर, जिनोबिली आणि ग्रीन या चौघांना मॅचच्या आधीच विमानात बसवून सॅन अँटोनिओला पाठवून दिलं. लीगने अडीच लाख डॉलर दंड ठोकला. विनोद म्हणजे उरलेली पोरं मायामीकडून फक्त पाच पॉइंटने हरली.

पोपोविचचं उत्तर 2014 मध्ये आलं. त्या सीझनमध्ये स्पर्सच्या एकाही खेळाडूची मॅचमागची सरासरी तीस मिनिटांपर्यंत पोहोचली नाही. सगळ्यात जास्त टोनी पार्करची, 29.4. तरी 82 पैकी 62 मॅच जिंकल्या आणि फायनलमध्ये त्याच मायामीला 4-1 असं लोळवलं. डंकन तेव्हा 38 वर्षांचा होता. नदीतली शेवटची मिरवणूक ती.

भावोजींना हे पटत नाही असं नाही, पण ते शिकागोवाले. लग्नाआधी तिथे नोकरीला होते, त्यामुळे बुल्सचे भक्त. आणि त्या रात्री पाहुणी टीम नेमकी बुल्सच होती. गाडी पार्क करताना त्यांनी त्यांचं जुनं दुखणं काढलं. त्यांच्या काळात बुल्सचा कोच टॉम थिबोडो होता, पोपोविचच्या अगदी उलट. चांगला खेळाडू कोर्टवरच असला पाहिजे हा त्याचा खाक्या. लुओल डेंग 2011-12 च्या सीझनमध्ये सरासरी 39 मिनिटांहून जास्त खेळला, सगळ्या लीगमध्ये सर्वाधिक. आणि मग 28 एप्रिल 2012. प्लेऑफची पहिलीच मॅच, बुल्स 12 पॉइंटने पुढे, घड्याळात 1 मिनिट 22 सेकंद बाकी. डेरिक रोझ, वय 23, आदल्या वर्षीचा मोस्ट व्हॅल्युएबल प्लेयर, उडी मारून खाली आला आणि त्याच्या डाव्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं.

'जिंकलेलीच होती रे मॅच. दीड मिनिटासाठी कशाला ठेवलं त्याला?' भावोजी हे अजून असं बोलतात की जणू काल झालंय.

मी म्हटलं, पण भावोजी, रोझ त्या सीझनमध्ये 66 पैकी 27 मॅच तसाही बाहेर होता. दमला म्हणून तुटलं असं कसं म्हणणार? ते गप्प बसले. मी हे का बोलले मला कळलं नाही. कारण मला माझं माहीत होतं.

माझ्या उजव्या गुडघ्यावर एक रेघ आहे, बोटभर लांब. कॉलेजच्या तिसऱ्या वर्षी इंटर-कॉलेजिएट टुर्नामेंट होती. दोन दिवसांत चार मॅच. आमच्या टीममध्ये बारा मुली, पण कोर्टवर कायम त्याच पाच, आणि त्यातली एक मी. तिसऱ्या मॅचमध्ये आम्ही अठरा पॉइंटने पुढे होतो. टाइमआउटमध्ये सरांनी विचारलं, 'दमलीस का?' मी म्हटलं, 'नाही सर.' चार मिनिटांनी ले-अप मारून खाली उतरले आणि आतून 'टक्' असा आवाज आला. शेजारच्या मुलीलाही ऐकू आला म्हणे. ऑपरेशन, नऊ महिने फिजिओथेरपी, बाबांची फिक्स्ड डिपॉझिट मोडली. नंतर जिने चढता-उतरता यायला लागले, ऑफिसला जाता यायला लागलं. टुर्नामेंट परत खेळले नाही.

पुढे माझ्या फिजिओनेच समजावलं होतं. उडी मारून उतरताना मांडीचे स्नायू गुडघ्याला धरून ठेवतात. दमलेला स्नायू क्षणभर उशिरा जागा होतो, मग सगळा भार लिगामेंटवर येतो. मुलींमध्ये हे लिगामेंट तुटण्याचं प्रमाण मुलांपेक्षा कितीतरी जास्त. माझं दमल्यामुळेच तुटलं का? कोण सांगणार! ताजीतवानी असतानाही तुटलं असतं कदाचित. पण 'नाही सर' हे मी खोटं बोलले होते एवढं मला पक्कं माहीत आहे. आणि तो प्रश्न मला विचारण्यात काही अर्थच नव्हता. वीस वर्षांची, अठरा पॉइंटने पुढे असलेली कुठली मुलगी 'हो सर, दमले' म्हणेल?

स्पर्सचं अरीना गावाच्या पूर्वेला आहे, फ्रॉस्ट बँक सेंटर, शेजारी रोडिओचं मैदान. दर फेब्रुवारीत इथे घोडे-बैलांचा रोडिओ भरतो आणि तेवढे दिवस स्पर्सना स्वतःच्याच घरातून बाहेर पडून गावोगाव खेळत फिरावं लागतं. बैलांसाठी जागा खाली करणारी दुसरी टीम मला माहीत नाही! आत साडेअठरा हजार खुर्च्या, वर छताला पाच विजेतेपदांचे झेंडे आणि डंकनचा 21 नंबर. 'गो स्पर्स गो' सुरू झालं. त्या सीझनमध्ये टीम सडकून हरत होती, पण स्टेडियममध्ये ते जाणवत नव्हतं. माझ्या पुढच्या रांगेत एक आजी बसल्या होत्या, कानात चंदेरी डूल, हातात नाचोजचा ट्रे, आणि रेफरीला स्पॅनिशमध्ये जे काही म्हणत होत्या ते भाषांतर न करताही कळत होतं.

खेळाडू आले. भाचेबुवा खुर्चीवर उभे. एकेक नाव पुकारलं गेलं. मग त्याने बेंचकडे पाहिलं.

'मावशी, वेम्बीने जर्सी का नाही घातली?'

ताई माझ्याकडे बघायला लागली. भावोजी मोबाइलमध्ये. म्हटलं, घ्या आता!

'तो आज खेळणार नाहीये रे.'

'त्याला लागलंय?'

'नाही.'

'मग?'

'लागू नये म्हणून.'

त्याने थोडा विचार केला. रडेल असं वाटलं होतं, पण तो चिडला. 'मग आज आपण का आलो?'

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. लीगकडेही धड नाहीये. सप्टेंबर 2023 मध्ये एनबीएने नियम केला की धडधाकट स्टार खेळाडूला, विशेषतः टीव्हीवरच्या मॅचला, उगाच बसवायचं नाही. पहिल्यांदा बसवलं तर एक लाख डॉलर दंड, दुसऱ्यांदा अडीच लाख, पुढे दहा-दहा लाखांनी वाढत जाणार. पण स्टार कोण? तर गेल्या तीन सीझनमध्ये ऑल-स्टार किंवा ऑल-एनबीए टीममध्ये आलेला. आमचा वेम्बी तेव्हा नवखा, त्यामुळे नियमात बसतच नव्हता. शिवाय त्याच जानेवारीत लीगने दहा सीझनची आकडेवारी तपासून सांगितलं की, बसवून ठेवल्याने दुखापती कमी होतात असं त्यात दिसत नाही. उपयोग होत नाही असंही सिद्ध झालेलं नाही, हेही त्यातच म्हटलं होतं. पुढे जुलै 2024 मध्ये याच लीगने टीव्हीच्या हक्कांचा 76 अब्ज डॉलरचा करार केला. एवढे पैसे मोजणाऱ्याला बेंचवरचा चेहरा कसा चालेल? मॅच 82 च्या 70 करा, हा साधा उपाय मात्र कुणी मनावर घेत नाही. तिकिटं कमी विकली जातील ना!

एक गोष्ट मात्र टेक्सासमधल्या कुणाला समजावून सांगावी लागत नाही. इथून तीन तासांवर ह्यूस्टनला याओ मिंग खेळायचा. साडेसात फुटी. सीझनभर रॉकेट्ससाठी आणि उन्हाळ्यात चीनसाठी. पायाच्या हाडांना पुन्हा पुन्हा तडे गेले आणि 2011 मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, तो रिटायर झाला. एवढी उंच माणसं फार थोडी असतात आणि त्यांची हाडं आपल्यासारखीच असतात.

मी भाच्याला माझ्या गुडघ्यावरची रेघ दाखवली. जीन्स वर करून, भर स्टेडियममध्ये. त्याने बोट फिरवून पाहिलं. 'दुखलं?' 'खूप.' 'तुझ्या कोचने बसवलं नाही?' 'नाही.' तो परत बेंचकडे बघायला लागला. तिथे पोपोविच, पांढरी दाढी, हाताची घडी, नेहमीसारखा वैतागलेला. भाचेबुवा म्हणाले, 'ही इज स्टिल मीन.' म्हटलं, असू दे.

स्पर्सने आधी मोठी आघाडी घेतली आणि मग ती सगळी घालवून मॅच हरले. बुल्स जिंकले म्हणून भावोजी मनातल्या मनात खूश, वरून दुःखी. आजी शेवटच्या मिनिटापर्यंत ओरडत होत्या. माझ्या डोक्यात मात्र एकच चालू होतं. आदल्या रात्रीचं तिकीट काढलं असतं तर!

तेव्हा सॅन अँटोनिओला जाणार असाल तर ऐका. तिकीट काढण्याआधी वेळापत्रक नीट बघा. लागोपाठच्या दोन रात्रींतली दुसरी रात्र असेल तर ती टाळा. फेब्रुवारीत जाऊ नका, टीम गावात नसते. मॅचच्या आदल्या दिवशी टीम दुखापतींची यादी जाहीर करते, ती बघा आणि मगच मुलांना काय ते सांगा. आणि ज्या मॅचला स्टार नाही त्याचं तिकीट शेवटच्या तासात स्वस्त होतं, त्या आजीही म्हणे तशाच आल्या होत्या.

परत येताना रात्री साडेअकराला हायवेवर माझा मोबाइल वाजला. पुण्यात रविवारची सकाळ. रिलीज अडकलंय, दोन तासांसाठी लॉग इन होशील का? त्या आठवड्यात मी रोज रात्री एकपर्यंत कॉलवर होते. मॅनेजरने अगदी प्रेमाने विचारलं, 'तू दमली नाहीस ना?'

मागच्या सीटवर भाचेबुवा जर्सीतच झोपले होते. मी मोबाइलकडे जरा वेळ बघत राहिले. मग टाइप केलं, 'दमले आहे. दुसऱ्या कुणाला सांगा.' सेंड केलं आणि छातीत अशी धडधड झाली की जणू राजीनामाच दिला! ताईने विचारलं कोणाचा मेसेज, मी म्हटलं कुणाचा नाही.

(रिलीज सोमवारी गेलं. आभाळ कोसळलं नाही.)

वेम्बन्यामाने तो सीझन 71 मॅचचा केला, सरासरी 29.7 मिनिटं, आणि रूकी ऑफ द इयर ठरला. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी 2025 मध्ये, त्याच्या उजव्या खांद्यात रक्ताची गुठळी सापडली आणि 46 मॅचवर त्याचा सीझन संपला. तिथे मिनिटं मोजून काय होणार होतं? पोपोविचला नोव्हेंबर 2024 मध्ये सौम्य स्ट्रोक आला. मे 2025 मध्ये, 29 सीझननंतर, तो कोचच्या खुर्चीवरून उठला.

पण 2024 च्या मार्चमध्ये, मी पुण्याला परत आल्यावर, ताईचा फोटो आला होता. फ्रॉस्ट बँक सेंटर, तीच जर्सी, आणि मागे कोर्टवर, जरा धूसर, पण बाकी सगळ्यांच्या डोक्यावरून दिसणारा तो. तिकीट या वेळी भाचेबुवांनी स्वतः निवडलं होतं, वेळापत्रक समोर घेऊन. खाली व्हॉइस मेसेज होता. 'मावशी, पहिली रात्र आहे. आय चेक्ड.'